वाघाच्या घरी जाताना

2019 साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ बाहेर पडला. अभ्यासकांनी त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा बसविलेला होता, म्हणून त्याची वाट नकाशावर उमटत गेली. तेलंगणातील आदिलाबादचा प्रदेश, नांदेड जिल्हा, पैनगंगेचा परिसर आणि तेथून आपला हिंगोली जिल्हा ओलांडून, वाशीम व अकोला मागे टाकीत तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोहोचला. पट्टा काढून घेईपर्यंत त्याची चाल तीन हजार किलोमीटरहून अधिक झाली होती. त्या दिवसांतली वर्तमानपत्रांची कात्रणे आमच्या गुरुजींनी एका वहीत चिकटवून ठेवली आहेत. गेल्या दिवाळीनंतर ती वही घेऊनच ते दवाखान्यात आले.

गुरुजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. निवृत्त मुख्याध्यापक, मीही त्यांच्या हाताखाली शिकलो. त्यामुळे दवाखान्यात ते मला 'डॉक्टर, तुम्ही' म्हणतात आणि बाजारात भेटले की 'अरे' म्हणतात. सोबत काकू होत्या आणि पुण्याहून आलेले दोघे मुलगे. (ही हकीकत त्यांच्या परवानगीने, नावे वगळून सांगत आहे.) गुरुजींनी वही टेबलावर उघडून ठेवली आणि म्हणाले, "वाघ आपल्या शिवारातून जाऊन आला, डॉक्टर. आपल्याकडून काही पाहुणचार झाला नाही. आता आपणच त्याच्याकडे जाऊन यावे म्हणतो."

मुलांनी बेत आखून आणला होता. नाताळच्या सुट्टीत चार दिवस, दोन गाड्या. टिपेश्वर, ताडोबा आणि पेंच, पाच सफारी, आणि परतताना नागपूरहून समृद्धी महामार्गाने शेलूबाजारपर्यंत येऊन वाशीममार्गे घरी. थोरल्याने तो कागद माझ्यापुढे सरकविला आणि हळूच म्हणाला, "आता बाबांना तुम्हीच सांगा, डॉक्टर. आमचे ते ऐकत नाहीत." म्हणजे 'नाही' हा शब्द माझ्या तोंडून हवा होता.

त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. गुरुजींना वीस वर्षांपासून मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन आहे, सहा वर्षांपूर्वी हृदयाच्या एका रोहिणीत स्टेंट बसविलेली आहे. काकू बहात्तर वर्षांच्या. रक्तदाब, झिजलेले गुडघे, ठिसूळ झालेली हाडे. एवढी यादी पाहिल्यावर कोणताही डॉक्टर सहज मान हलवील. 'नाही' म्हणणे हे आमच्या व्यवसायातील सर्वांत सोपे औषध आहे. त्याला खर्च नाही, आणि त्याचे दुष्परिणाम आमच्या दवाखान्यात परत येत नाहीत. मी स्वतः कित्येक वर्षे ते औषध सढळ हाताने वाटले. त्यामागे एक कारण होते. ते या सदरात मी आजवर लिहिलेले नाही.

बारा वर्षांपूर्वी मी माझ्या आईला घेऊन असाच लांबच्या प्रवासाला निघालो होतो. ती तेव्हा एकाहत्तर वर्षांची. गाडी मी चालवीत होतो. डिझेल कोठे भरायचे, जेवायला कोठे थांबायचे, मुक्कामाची खोली कोणत्या बाजूची, सारे मी ठरविले होते. सकाळी सहाला निघालो ते संध्याकाळी सातला पोहोचलो, आणि तेवढ्या वेळात गाडी तीनदा थांबली. आईने तेरा तासांत जेमतेम पेलाभर पाणी घेतले असेल. तिच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवीचे प्रमाण वाढविणारे औषध होते. ते तिने नेमाने घेतले, कारण ते मीच लिहून दिलेले होते. रात्री दीडच्या सुमारास ती अंधारात न्हाणीघराकडे जायला उठली. उभी राहताच रक्तदाब घसरला, तोल गेला आणि ती पडली. मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. पुढे शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, पण तिचे स्वतःच्या पायांवरचे हिंडणे संपले ते संपलेच. दोन वर्षांनी ती गेली. रुग्णालयात मी तिला विचारले होते, "पाणी का नाही प्यायलीस?" ती म्हणाली, "तुला गाडी कितीदा थांबवायला सांगायची?"

त्यानंतर बरीच वर्षे मी वृद्ध रुग्णांच्या प्रवासाला नकार देत असे आणि त्याला सावधगिरी असे नाव देत असे. वास्तविक आई प्रवासामुळे पडली नव्हती. माझ्या आखणीत तिचे शरीरच नव्हते, म्हणून ती पडली.

म्हणून मी थोरल्याचा कागद बाजूला ठेवला आणि काकूंना पहिला प्रश्न विचारला, "काकू, प्रवासात पाणी किती पिता?" काकूंनी मान खाली घातली. "गुळणी करण्यापुरते," त्या म्हणाल्या. धाकट्याने आश्चर्याने आईकडे पाहिले. आजवर त्याला हे ठाऊक नव्हते.

प्रवासाला कोणी मुळीच निघू नये, हे आधी सांगतो. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन तीन महिने झालेले नाहीत, हा माझा स्वतःचा ढोबळ नियम. घरात चार पावले चालताना छातीत दुखते किंवा दम लागतो. पायांवर सूज वाढत आहे. साखर किंवा रक्तदाब गेल्या पंधरवड्यात सारखा वरखाली होत आहे. नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे. अपस्माराचे झटके आटोक्यात नाहीत. अशांनी थांबावे, आणि थांबणे म्हणजे कायमचे नव्हे, हेही त्यांना सांगावे. गुरुजी यांपैकी कशातच बसत नव्हते. रोज अर्धा तास कयाधूच्या बाजूला फिरून येतात, दोन जिने चढतात, छातीत दुखत नाही. त्यांचा हृदयालेख काढला, रक्ताच्या तपासण्या पाहिल्या, तळपाय निरखले. त्यांना जायला हरकत नव्हती. हरकत होती ती त्या कागदाला.

मुलांनी मोबाईलच्या नकाशावरून तास मांडले होते. नकाशातल्या गाडीला गुडघे नसतात आणि मूत्राशयही नसते. वृद्ध माणूस सोबत असेल तर नकाशाने दाखविलेल्या वेळेला दीडपट करावी, आणि तरीही दिवसाकाठी पाच-सहा तासांपेक्षा अधिक गाडीत बसू नये. हिंगोलीहून पुसद, दिग्रस, दारव्हा, यवतमाळ, वणी, चंद्रपूर आणि पुढे ताडोब्याचे मोहर्ली प्रवेशद्वार हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जाते. ते एका दिवसात होते, तरुणांना. आम्ही त्याचे दोन दिवस केले. सकाळी आठला, न्याहरी व औषधे झाल्यावर निघायचे; यवतमाळला दुपारी पोहोचून मुक्काम; दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला मोहर्ली; त्या दिवशी सफारी नाही. तिसऱ्या दिवशी सकाळची एक सफारी. टिपेश्वर आणि पेंच गळले. मुलांचे चेहरे उतरले, पण गुरुजी म्हणाले, "एका वर्गात तीन इयत्ता बसविल्या तर एकही नीट शिकत नाही."

यवतमाळ आणि चंद्रपूर ही गावे मुक्कामासाठी निवडण्यात माझा एक स्वार्थही होता. दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. जंगलाची आखणी करताना लोक राहण्याच्या जागेची छायाचित्रे पाहतात. मी रात्री दोन वाजता हृदयालेख कोठे निघेल, ते आधी पाहतो. मुक्कामाच्या जागेपासून ते ठिकाण किती मिनिटांवर आहे, हे गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असावे.

आता थांब्यांविषयी. लांब वेळ एकाच जागी पाय लोंबकळत बसल्याने पोटरीतल्या नीलांमध्ये रक्त साकळण्याचा धोका असतो आणि चार तासांहून अधिक सलग बसल्यास तो वाढतो. म्हणून दीड ते दोन तासांनी गाडी थांबवावी, पाच-दहा मिनिटे चालावे, आणि बसल्या जागी घोटे वरखाली करीत राहावे. हे बहुतेकांनी ऐकलेले असते. पण ज्येष्ठ स्त्रिया उतरतात तेव्हा त्यांच्या मनात रक्ताची गुठळी नसते. येथे शौचालय आहे का, त्याला कडी आहे का, भारतीय पद्धतीचे असेल तर मला उठता येईल का, हे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे ठाऊक नसली की पाणी बंद होते. उपाय एकच : कोणत्या गावी, कोणत्या पेट्रोल पंपावर, कोणत्या भोजनालयात कमोड आहे, ते आदल्या आठवड्यात दूरध्वनी करून विचारावे आणि ते थांबे कागदावर लिहून आईच्या हाती द्यावेत. गाडी थांबवा, असे तिला म्हणावे लागू नये; गाडी तेथे थांबणारच आहे, हे तिला आधी ठाऊक असावे. घडीची कमोड-खुर्ची औषधांच्या मोठ्या दुकानांत मिळते, ती डिकीत सहज मावते. गरजेपुरते डायपर वापरण्यात कमीपणा नाही, हे मात्र मुलाने नव्हे, सुनेने किंवा मुलीने सांगितले तर अधिक पटते.

लघवी वाढविणाऱ्या गोळीबद्दल स्पष्ट लिहितो, कारण ती मनाने बंद करणारे पुष्कळ आहेत. हृदयाच्या दुर्बलतेसाठी ती दिलेली असेल आणि दोन-तीन दिवस चुकली, तर दम लागून रुग्णालय गाठावे लागते. ती बंद करायची नसते. तिची वेळ बदलता येते. काकूंची सकाळी सातची गोळी मी सफारीच्या दिवशी साडेदहा-अकराला ठेवली. तुमच्या औषधात असे करता येईल की नाही, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. विचारायचे, एवढे मात्र नक्की.

प्रवासात उलटी होऊ नये म्हणून दुकानातून गोळी घेतली जाते. तिच्यातील औषधाने वृद्धांना गुंगी येते, तोंड कोरडे पडते, कधी भ्रम होतो आणि पुरःस्थ ग्रंथी वाढलेल्या पुरुषांची लघवी अडकते. अशी लघवी अडकलेले आजोबा पहाटे माझ्याकडे आणले गेलेले आहेत. सर्दीच्या काही गोळ्यांचेही तेच. पुढच्या आसनावर बसावे, दूरवर पाहावे, पोट अगदी रिकामे किंवा तुडुंब नसावे, खिडकीची फट ठेवावी. एवढ्याने बहुधा भागते.

सफारीचे गणित सर्वांत अवघड असते आणि ते मधुमेहाचे असते. ताडोब्यात सकाळची सफारी उजाडताच सुरू होते. त्यासाठी पाचला उठून प्रवेशद्वारावर जावे लागते आणि परत यायला दहा वाजून जातात. गाभा क्षेत्रात गाडीतून उतरण्यास मनाई आहे आणि मोबाईलही आत नेता येत नाही. म्हणजे ज्या माणसाची न्याहरी रोज आठला असते, तो माणूस थंडीत, उपाशीपोटी, चार-पाच तास मदतीपासून दूर. गुरुजींचा विचार होता की रोजच्याप्रमाणे इन्सुलिन टोचून निघावे आणि आल्यावर खावे. हा विचार जीवघेणा ठरू शकतो. जेवणापूर्वीचे इन्सुलिन आणि साखर झपाट्याने उतरविणारी गोळी ही जेवणाशी बांधलेली असते. जेवण पुढे गेले की तीही पुढे जाते. दिवसातून एकदाच घ्यायचे दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन असेल, तर त्याची गोष्ट वेगळी. ते सहसा आपल्या वेळेवरच राहते. गुरुजींसाठी ठरले ते असे : पहाटे साखर तपासायची, दूध आणि दोन पोळ्यांचा लहानसा फराळ करायचा, इन्सुलिन परतल्यावर न्याहरीपूर्वी. त्या दिवशी साखर थोडी चढेल, चढू द्यावी. चार तास चढलेली साखर मला चालते. जंगलाच्या मध्यभागी उतरलेली चालत नाही.

हात थरथरणे, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, विनाकारण चिडचिड ही साखर उतरल्याची चिन्हे आहेत. यंत्रावर 70 पेक्षा कमी आकडा दिसला, किंवा यंत्र जवळ नसेल तर नुसता संशय आला, तरी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि मग बिस्किटे किंवा पोळी. चॉकलेट किंवा क्रीमची बिस्किटे प्रथम देऊ नयेत. त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश वर येते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. साखरेची पुडी ज्याची त्याच्या खिशात हवी. आजोबांची पुडी सुनेच्या पिशवीत आणि सून मागच्या जिप्सीत, असे घडते.

इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये, तसेच बर्फाला चिकटूनही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. हिवाळ्यात वापरात असलेले पेन अंगावरच्या पिशवीत सुखरूप राहते. सर्व औषधे दुप्पट घ्यावीत आणि दोन वेगळ्या पिशव्यांत, दोन वेगळ्या गाड्यांत ठेवावीत. औषधांची मूळ नावे, मात्रा, आजार, कशाची अॅलर्जी आहे ते, आणि शेवटचा हृदयालेख यांची प्रत वृद्धांच्या खिशात असावी. ताडोब्याच्या प्रवेशद्वारावर मूळ ओळखपत्र दाखवावे लागते, ते त्याच पाकिटात. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते, हे आरक्षण करताना विसरू नये.

जिप्सी हे वाहन तरुण मणक्यांसाठी बनलेले आहे. चढायला पायरी उंच, मागची आसने उंचावर, रस्ता कच्चा. ठिसूळ हाडांच्या माणसाला मागच्या आसनावर बसलेला एक जोराचा हादरा पाठीचा मणका दबायला पुरेसा असतो. तो मणका नेहमीच त्या क्षणी ओरडत नाही; दोन दिवसांनी 'कंबर भरून आली' म्हणून मलम चोळले जाते. वृद्धांनी चालकाच्या मागच्या पहिल्या ओळीत बसावे, पाठीशी घट्ट उशी घ्यावी, हात आधाराच्या दांडीवर असावा. चढण्यासाठी लाकडी स्टूल बरोबर न्यावे. मुलांनी काखेत हात घालून वर ओढू नये, त्याने खांदा निखळतो. चालकाला निघतानाच सांगावे, "वाघ दिसला तरी गाडी सावकाश." काही प्रवेशद्वारांवर मोठी उघडी बस असते, तिला कँटर म्हणतात. तीत हादरे पुष्कळ कमी बसतात, आणि प्राणी काही तिकीट पाहून दिसत नाहीत.

काकूंची हाडे पाहता मी त्यांना सफारी नको म्हणालो. त्यांनी ते इतक्या चटकन मान्य केले की मला वाईट वाटले. बाईमाणसाला नाही म्हटले की ते सगळ्यांनाच सोयीचे होते, हे मी ओळखून आहे. म्हणून कँटर मिळाली तर एकदा, पट्टा बांधून, पहिल्या ओळीत, असे आमचे ठरले.

ऋतूची निवड अर्धी प्रकृती सांभाळते. एप्रिल-मे महिन्यांत पाणवठे आटतात आणि वाघ हमखास दिसतो, म्हणून हौशी लोक उन्हाळ्यात जातात. चंद्रपूरचा पारा तेव्हा 45 अंशांपलीकडे जातो. साठीपुढच्या माणसाने, विशेषतः लघवी वाढविणारी औषधे घेणाऱ्याने, त्या वाटेला जाऊ नये. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्र बंदच असते. उरला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फेब्रुवारीच्या अखेरीस पळस फुललेला असतो आणि थंडी ओसरलेली असते, माझ्या मते तो काळ उत्तम. डिसेंबरात मात्र पहाटे पारा दहाच्या खाली उतरू शकतो आणि उघड्या गाडीत वारा अंगावर येतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. कानटोपी, मोजे, एकावर एक तीन कपडे, मांडीवर घोंगडी. दमेकऱ्यांनी नाकावर रुमाल बांधावा, धूळ फार असते, आणि श्वासाचा पंप अंगाशी ठेवावा.

छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणे, घाम फुटणे, अचानक दम लागणे असे झाले, की 'गॅस असेल' म्हणून सोडा पीत बसू नये. मधुमेही माणसाला कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसता घाम आणि अशक्तपणा येतो. जिभेखालची गोळी ज्यांना डॉक्टरांनी दिलेली आहे त्यांनीच, आणि बसून घ्यावी. उभ्याने घेतल्यास रक्तदाब उतरून माणूस पडतो. रुग्णवाहिकेसाठी 108, राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर 1033. जंगलात असाल तर गाईडला ताबडतोब सांगावे. इतरांची सफारी बिघडेल म्हणून गप्प बसणारे आजोबा मी पाहिले आहेत. म्हणून निघण्यापूर्वी सर्वांसमोर गुरुजींकडून वचन घेतले.

रात्रीच्या मुक्कामाविषयी मी थोडे अधिक बोलतो, त्याचे कारण वाचकांच्या ध्यानी आले असेल. खोली तळमजल्यावर हवी. न्हाणीघरात कमोड, ओल्या फरशीवर रबरी पट्टी, रात्रभर जळणारा मंद दिवा. उशाला विजेरी. पलंगापासून दारापर्यंत एकही पिशवी जमिनीवर नको. उठताना आधी दोन मिनिटे पलंगाच्या कडेला पाय सोडून बसावे. पहिल्या रात्री वृद्धांच्या खोलीत एक नातवंड झोपवावे. ते दोघांनाही आवडते.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला न्यावे का, असे पत्रांतून विचारले जाते. आजार आरंभीचा असेल, तर न्यावे, पण एकाच जागी दोन-तीन रात्री राहावे, कारण रोज नवी खोली म्हणजे त्यांच्यासाठी रोज नवा परदेश. घरची उशी, घरचे पांघरूण बरोबर असावे. संध्याकाळ झाली की त्यांची अस्वस्थता वाढते, तेव्हा कोणीतरी जवळच बसावे. दुपारच्या सफारीवरून सर्वजण एकदम अंधारात परतू नयेत. खिशात नाव आणि दोन दूरध्वनी क्रमांकांची चिठ्ठी शिवून टाकावी. आणि ज्यांना हे झेपणार नाही, त्यांनी आठवडाभर नात्यातल्या कोणाला घरी बोलवावे आणि स्वतः निःसंकोच जाऊन यावे. वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या सुनेलाही जंगल पाहण्याचा हक्क आहे. गुरुजींच्या बेतात थोरली सून स्वयंपाकाची शेगडी बरोबर घेणार होती. सासऱ्यांना बाहेरचे सोसत नाही म्हणून. मी शेगडी काढून टाकविली. भात, साधे वरण आणि कमी तेलाची भाजी कोठेही सांगून करून मिळते.

ते डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेले आणि नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी मला भेटायला आले.

वाघ दिसला नाही. गुरुजींनी हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकले आणि मग तासभर बाकी सारे सांगितले. मोहर्लीच्या रस्त्याकडेचे जुने दगडी खांब. गोंड राजांच्या काळी त्यांवरून दोर नेऊन घंटा वाजवीत आणि राजा येत असल्याची वर्दी देत, असे गाईडने सांगितले. ताडोब्याच्या तळ्याकाठी ऊन खात पडलेली मगर. वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, त्या तारूची कथा. त्याच्यावरूनच ताडोबा हे नाव. पांढऱ्या खोडाचे, अंगावर काटा आणणारे एक झाड. दहा-बारा रानकुत्री, रस्त्याच्या अगदी मधोमध. सफारीत नऊच्या सुमारास गुरुजींना घाम आला, तेव्हा शेजारी बसलेल्या सातवीतल्या नातवाने न विचारता त्यांच्या खिशातून साखरेची पुडी काढली. "आकडा किती होता?" मी विचारले. "यंत्र गाडीत राहिले होते," गुरुजी म्हणाले. पहाटेच्या दोन पोळ्यांपैकी एकच खाल्ली होती, हेही हळूहळू बाहेर आले. मी काही बोललो नाही. नातू बोलला होताच, असे कळले.

काकूंना कँटर मिळाली नाही. दोन्ही दिवस त्या मुक्कामाच्या ओसरीवर बसल्या. त्यांचे म्हणणे, मोर त्यांनाच अधिक दिसले. रात्री आकाशात इतक्या चांदण्या होत्या की लहानपणीचे माळवद आठवले. त्यावर धाकटा म्हणाला, पेंचला तर त्यासाठीच जातात. देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून 2024 साली त्याचीच निवड झाली आहे. गुरुजींच्या मनात मात्र आता मेळघाट आहे. 1973 साली व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांत त्याचा समावेश झाला, आणि आपल्याला तर ते जवळचे; वाशीम, अकोला, अकोटवरून जायचे. सिपना नदीकाठी कोलकासला राहायचे, वाघ नाही दिसला तरी चालेल. घाटात वळणे फार आहेत, मी म्हणालो. "मग पुढच्या आसनावर बसतो," गुरुजी म्हणाले.

निघताना काकूंनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. मी थांब्यांची जी यादी करायला लावली होती, तीच. पण आता तिच्यात पेन्सिलीने खाडाखोड होती. पुसदपुढचा एक पंप खोडलेला, दारव्ह्याच्या अलीकडे एक नवे भोजनालय लिहिलेले, त्यापुढे 'कडी आहे, पाणी आहे, पायरी उंच'. यवतमाळनंतरच्या एका जागी नुसते 'छान'. शेवटच्या ओळीत प्रत्येक दिवशी प्यायलेल्या पाण्याचे पेले मांडले होते : सहा, सात, सात, आठ.

तो कागद मी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. त्या वाटेने जाणारे रुग्ण उतरवून घेतात. अकोल्याच्या वाटेचा कागद अजून कोरा आहे. फेब्रुवारीत काकू तो भरून आणणार आहेत.